गाण्यांच्या चॅनेलच्या एकतीस तक्रारी

४ जून १९९५

ही डायरी मागच्या वर्षीची आहे, बँकेची. नामदेवकाकांनी दिली. तारखा बरोबर येतात, वार एकेक चुकतो. छापलेला वार खोडून मी वर खरा लिहिणार आहे. काका म्हणाले, रोज चार ओळी लिही, अक्षर सुटेल. सातवीनंतर मी फक्त वायरीच्या बंडलांवर नंबर लिहिलेत.

कोरी डायरी आहे म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. मी दिलीप, वय बावीस, गाव देगलूरकडचं. तीन वर्षं झाली, हैदराबादेत बरकतपुऱ्यात हिम्मतरावांच्या केबलवर आहे. गच्च्यांवरून वायर ओढायची, डिश फिरवायची, तक्रार आली की पळायचं. सहाशे घरं आहेत. आईला अजून कळत नाही मी नेमकं काय करतो. ती गावात सांगते, पोरगं तारेवर असतं. लोक समजतात लाइट बोर्डात लागलो.

नामदेवकाका बँकेतून रिटायर झालेले. तिसऱ्या मजल्यावर ३०४ मध्ये एकटेच राहतात. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा अमेय पुण्याला असतो. बाकीच्या सगळ्या डिश मालकाच्या गच्चीवर आहेत, पण गाण्यांचं नवं चॅनेल आलं, 'गीतबहार', त्याची दिशा तिथून पाण्याच्या टाकीआड जाते. म्हणून ती एक डिश काकांच्या गच्चीवर. वारा लागला की काकांचा फोन येतो, दिलीप, गाणी गेली. मी धावतो. गच्चीवर बघावं तर डिश जागेवर. जरा हलवून पुन्हा तिथेच ठेवतो. खाली आलो की काका म्हणतात, हां, आलं बघ. मग चहा, उस्मानिया बिस्किटं, आणि शेअर बाजार.

११ जून

आज झोप येणार नाही. मालकांनी बोलावून सांगितलं, कुकटपल्लीत नव्या कॉलनीची लाइन घ्यायचीय. दोनशे घरं आत्ता, पुढच्या वर्षी पाचशे. वीस हजार आण, अर्धी लाइन तुझी. पावतीपुस्तकावर माझं नाव. दसऱ्यापर्यंत मुदत. मी विचारलं, दसऱ्यानंतर? ते म्हणाले, "दसऱ्यानंतर माझा पुतण्या ओमकार आहे. त्याला काम येत नाही, पण पैसे येतात."

तीन वर्षांत मी एकवीस हजार जमवलेत. बिडी नाही, सिनेमा नाही. सिनेमा तसाही कंट्रोल रूममध्ये फुकट दिसतो. म्हणजे उद्या देऊन टाकता येतात. मग दसऱ्याची वाट कशाला?

उद्या देतो.

१२ जून

दिले नाहीत. सकाळी ३०४ ची तक्रार आली, गाण्यांचीच. गेलो. काकांना लाइनचं सांगितलं तर फार खूश झाले, पाठ थोपटली. मग विचारलं, "कुकटपल्लीला गेलास की इकडचं कोण बघणार?" मी म्हटलं, कोणीतरी नवा येईल. ते म्हणाले, हो, येईलच कोणीतरी. मग कपबशा विसळायला गेले.

परत आले ते एक पाकीट घेऊन. एप्रिलात त्यांनी माझ्याकडून एका साबण कंपनीचा फॉर्म भरून घेतला होता, शंभर शेअरचा. त्याचं उत्तर आलं होतं. शेअर एकही मिळाला नाही, पैसे परत. मी हिरमुसलो. काकांनी समजावलं, चांगल्या कंपनीचं असंच असतं. शेअर शंभर आणि मागणारे पाच हजार. मग चिठ्ठ्या टाकतात. नशीब असेल तर थोडे मिळतात, बाकी पैसे दोन-अडीच महिन्यांत घरपोच. हिमायतनगरात लोक सकाळी सहापासून फॉर्मच्या रांगेत उभे असतात ते उगीच नाही.

मी ऐकत होतो आणि डोक्यात काहीतरी टिकटिक करायला लागलं. दोन-अडीच महिने. दसरा तीन ऑक्टोबरला आहे.

२२ जून

हिमायतनगरच्या चौकात तीन मजली उंच पाटी लागली. निळ्या घागऱ्यातली बाई, डोक्यावर हेडफोन, आणि खाली तेलुगूत, हिंदीत, इंग्रजीत: गीतबहार सॅटेलाइट लिमिटेड, पब्लिक इश्यू. आमचं गीतबहार! ज्याची डिश मी माझ्या हातानं बसवली, ज्याच्या नटबोल्टाला माझ्या बोटाचं रक्त लागलंय. दहा रुपयाला एक शेअर. सायकल उभी करून किती वेळ बघत राहिलो, मागून रिक्षावाला ओरडला, "क्या मियाँ, शादी करनी क्या उससे?"

सगळा देश डब्यासमोर बसतोय. तीन वर्षांपूर्वी मी गाव सोडलं तेव्हा तिथे एक चॅनेल होतं, शेतीचे कार्यक्रम दाखवणारं. आता बारा आहेत आणि दर महिन्याला आभाळात नवं उगवतं. साबणाच्या कंपनीतलं मला काय कळतं? पण हे मला कळतं. लोक काय बघतात हे दिल्ली-मुंबईच्या साहेबाला माहीत नसेल, मला माहीत आहे. मी त्यांच्या गच्चीवर असतो.

२४ जून

पुरावा काढला. कंट्रोल रूममध्ये तक्रारींचं रजिस्टर आहे, मालक ते कधी उघडत नाहीत. मी बसून मे आणि जूनच्या सगळ्या तक्रारी चॅनेलप्रमाणे वेगळ्या केल्या. जे चॅनेल गेल्यावर लोक फोन करतात तेच त्यांना पाहिजे असतं, साधी गोष्ट आहे. पाणी गेलं की नळावर बोंब होते, तसं.

गीतबहार: एकतीस तक्रारी. बाकी अकरा चॅनेल मिळून चौदा.

एकतीस! नामदेवकाकांच्याच तर बोटं पुरणार नाहीत इतक्या आहेत. त्यांच्या वयाचा माणूस गाण्यांसाठी एवढा जीव टाकतो, तर तरण्या पोरापोरींचं काय होत असेल. त्यांच्या घरी फोन नसतील म्हणून, नाहीतर तीनशे झाल्या असत्या.

आणखी एक पुरावा आपोआप मिळाला. नवं तेलुगू चॅनेल आहे, मालकांनी अगदी शेवटच्या बटणावर टाकलेलं. त्याचा रिसीव्हर जळाला. मालक म्हणाले, सावकाश बघू. तीन दिवस पडदा काळा होता. फोन किती आले? एकही नाही. म्हणजे ते कोणी बघतच नाही. गाणी पाच मिनिटं जाऊ देत, काका फोनवर हजर.

२ जुलै

मालक तापलेत. मागच्या गल्लीतली सतरा घरं एका आठवड्यात पलीकडच्या केबलवाल्याकडे गेली. वायर कापून गुंडाळून आमच्या खांबावर नीट टांगून ठेवली होती, भांडण नाही, तंटा नाही. मालकांनी मला विचारलं, काही तक्रार होती का त्यांची? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, रजिस्टर बघा, त्या गल्लीतून दोन महिन्यांत एक फोन नाही, एकदम खूश गिऱ्हाईक. मग कायकू गये, मालकांनी विचारलं. मी म्हटलं, पलीकडचा पैसे कमी घेत असणार. दुसरं काय.

५ जुलै

आज फॉर्म भरला.

काका म्हणत होते दोनशे शेअर माग. मी म्हटलं, दोन हजार. त्यांनी चष्मा काढला. लाइनचे पैसे आहेत ना रे ते? मी त्यांना माझं गणित सांगितलं. दोन हजार मागितले की चिठ्ठीत फार तर शंभर-दोनशे मिळणार. बाकी सगळे सप्टेंबरात परत. कमी पडतील तेवढे टपालखात्यात आहेतच. दसऱ्याला लाइन माझी आणि शेअरही माझे. पैसे दोन महिने नुसते कपाटात बसून काय करणार, तेवढ्यात जरा फिरून येतील.

काका म्हणाले, "आणि सगळेच मिळाले तर?"

मी हसलो. सगळे कसे मिळतील? अख्खं हिमायतनगर रांगेत असेल. मग मी रजिस्टर काढलं, सोबत नेलं होतं. एकतीसचा आकडा दाखवला, खोली नंबरांसकट. काका बराच वेळ त्या पानांवर बोट फिरवत होते. त्यांचे कान लाल झाले. मग म्हणाले, "दिलीप, फोन किती आले ते बघितलंस. कोणाचे आले तेही बघ जरा." मी म्हटलं, काका, फोन तो फोन, त्यात गरीब-श्रीमंत काय. ते उठून टीव्हीवरचं भरतकामाचं कापड सारखं करत बसले. ते कापड काकूंनी केलेलं आहे, मी घरात पाय ठेवला की काका ते उचलतात आणि टीव्ही लावतात.

शेवटी त्यांनी फॉर्म भरला. इंग्रजीत माझं नाव लिहिलं, मी खाली सही केली, पहिल्यांदा इंग्रजीत. मग कपाटातून दुसरा फॉर्म काढून त्यांनी स्वतःच्या नावानं भरला, पाचशेचा. मी विचारलं, तुम्हाला पण पटलं ना? ते म्हणाले, तू घेतोस तर मीही घेतो.

एवढा मोठा बँकेचा माणूस माझ्या आकड्यावर पैसे लावतो.

१९ जुलै

मालकांबरोबर स्कूटरवर कुकटपल्ली बघून आलो. पिवळी पिवळी नवी घरं, गच्च्यांवर अजून सळया उभ्या, आणि त्या सळयांना काठ्या बांधून जुन्या ॲन्टेना. अजून एकही केबल नाही. मी खालून वर बघत वायर कुठून जाईल ते बोटानं हवेत काढत होतो. घरोघरी तेलुगू लोक, कारखान्यातले, नोकरीवाले. एका दारात म्हातारा बसला होता, मी त्याला आमच्या सीमेकडच्या देगलुरी तेलुगूत विचारलं, टीव्ही आहे का. तो म्हणाला आहे, पण त्यावर आमचं काय असतं?

मी म्हटलं, येतंय, गाणी येतायत.

२० ऑगस्ट

बरेच दिवस काही लिहिलं नाही. काम फार. अजून एक तेलुगू चॅनेल सुरू होतंय म्हणतात. मालक म्हणाले, पहिलंच कोणी बघत नाही, दुसऱ्याला डिश कुठून आणू. बरोबर आहे. मीच त्यांना आकडे दाखवले होते.

गीतबहारच्या पाटीचा एक कोपरा वाऱ्यानं फाटला. बाईचा हेडफोन लोंबतोय.

१४ सप्टेंबर

मिळाले. सगळे मिळाले. दोन हजारच्या दोन हजार!

टपाल ३०४ च्या पत्त्यावर येतं, काकांनी कंट्रोल रूममध्ये फोन केला. ह्या वेळी गाण्यांचं नाव काढलं नाही, नुसतं म्हणाले, ये. मी जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढलो. आकडा मी स्वतः वाचला. लोकांना शंभरातले शून्य मिळतात आणि मला एकही कमी नाही. चिठ्ठीत नशीब निघावं तर असं. खाली पळत जाऊन नारायणगुड्याहून पावशेर पेढे आणले. काकांना दिला तर त्यांनी तो हातात धरून ठेवला. त्यांचेही पाचशेचे पाचशे आले होते. मी म्हटलं, बघा, तुमचंही नशीब. ते म्हणाले, अरे दिलीप. एवढंच.

मालकांना पेढा दिला, इस्त्रीवाल्याला दिला, हिमायतनगरात त्या फाटक्या पाटीखाली उभा राहून एक स्वतः खाल्ला. मी आता एका कंपनीचा मालक आहे. थोडासा, पण मालक.

१५ सप्टेंबर

सकाळी जाग आली ती एकाच विचारानं. सगळे मिळाले, म्हणजे परत काय येणार?

१६ सप्टेंबर

काकांकडे गेलो. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. सगळे मिळाले ह्याचा अर्थ दुसऱ्या कोणी मागितलेच नव्हते. कंपनीकडे भरलेले फॉर्मच कमी आले. पैसे परत येणार नाहीत.

मी म्हटलं, पण एकतीस तक्रारी?

काका खिडकीकडे बघत म्हणाले, "त्यातल्या सव्वीस माझ्या आहेत. मी ते चॅनेल बघत नाही रे. मला त्या आवाजानं डोकं दुखतं."

मला कळेना. मग फोन कशाला करत होता?

ते म्हणाले, बातम्यांची तक्रार केली तर तुम्ही तिथूनच दुरुस्त करता. गाण्यांची केली तर तुला इथे वरती यावं लागतं.

टीव्हीच्या पडद्यावर ते कापड पांघरलेलं होतं. मी कितीदा ते बघितलं होतं. रजिस्टरचं पानन् पान मी मोजलं होतं, आणि हे कापड मला दिसलं नाही. मी काकांना फार वाईट बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. चहा तसाच ठेवून आलो.

२८ सप्टेंबर

गीतबहारचा शेअर बाजारात आला. दहाचा सहाला उघडला, संध्याकाळी चारवर, आणि चारलाही घेणारा नाही. आबिड्सच्या दलालानं पेपर दाखवला. त्याच्याकडे आणखी दोघं उभे होते, तिघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

मालक दिवसातून दोनदा विचारतात, दसरा जवळ आला, काय ठरलं? ओमकार नवीन बूट घालून कंट्रोल रूममध्ये येऊन बसतो.

३० सप्टेंबर

सकाळी नऊला गीतबहार गेलं. पडद्यावर रंगाचे उभे पट्टे. मी डिश बघायला गेलो नाही, पलीकडच्या केबलवाल्याकडेही तेच पट्टे होते. कंपनीनं दुकान बंद केलं म्हणे, निदान आजच्यापुरतं.

दिवसभर फोनजवळ बसलो. सहाशे घरं. एकही फोन नाही.

३०४ चाही नाही. चौदा दिवस झाले, ३०४ चा एकही फोन नाही. रजिस्टर एवढं कोरं मी कधी बघितलं नव्हतं.

मग मला एक आठवलं. तेलुगू चॅनेल गेलं होतं तेव्हाही फोन आला नव्हता. पण त्यानंतर आठ दिवसांत सतरा घरं गेली. आता गाणी गेलीत आणि फोन नाही, तर किती घरं जातील? मी पैजेवर सांगतो, एकही नाही.

फोन न येणं दोन तऱ्हेचं असतं.

१ ऑक्टोबर

त्या मागच्या गल्लीत गेलो. पहिल्या घरची बाई, लक्ष्मम्मा, दारात रांगोळी काढत होती. मला बघून तिला आधी वाटलं, मी भांडायला आलो. मी देगलुरी तेलुगूत म्हटलं, अम्मा, नुसतं विचारायला आलो, का गेलात? ती म्हणाली, आमचं चॅनेल तीन दिवस गेलं. मी म्हटलं, मग फोन का नाही केला?

ती म्हणाली, "फोन लेदु बाबू." मग हात झटकून उभी राहिली आणि हसून म्हणाली, फोन नाही, आणि असता तरी सांगायचं कोणाला, तुम्ही बोलता तुमची भाषा, बिल मागता तेव्हा फक्त तेलुगू येतं तुम्हाला. आम्ही तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी त्या दुसऱ्याला बोलावलं.

सतराच्या सतरा घरं फिरलो. कोणाकडेही फोन नाही. तेरा घरांनी हेच सांगितलं. पलीकडचा पैसे कमी घेत नाही, उलट पाच रुपये जास्त घेतो.

आणि ते आता सुरू झालेलं दुसरं तेलुगू चॅनेल? ते त्याच्याकडेही नाही. सगळे विचारत होते, कधी येणार.

मी गल्लीतून बाहेर आलो तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. वीस हजार बुडालेत आणि मी शीळ घालत होतो. लोक वेडा म्हणाले असते.

२ ऑक्टोबर

मालकांपुढे एका दमात बोललो. काकांच्या गच्चीवर डिश मेलेली पडलीय, तिला फिरवू, नव्या तेलुगू चॅनेलला लावू. जुनं तेलुगू शेवटच्या बटणावरून पहिल्यावर आणू. मी घरोघरी जाईन. आणि कुकटपल्लीत सुरुवातच तेलुगूनं करू, तिथे तो म्हातारा मला सांगत होता, मीच ऐकलं नाही.

मालक पान लावत होते. "तेरेकू अब शेअर से डर नहीं लगता?" मी म्हटलं, वाटते भीती. पण हा शेअर नाही, हे मी विचारून आलोय. ते म्हणाले, "पैसे आहेत?" मी म्हटलं, नाहीत. "मग अर्धी लाइन नक्को बोल."

ओमकार हसला. मालक त्याच्याकडे न बघता म्हणाले, सतरा घरं गेली ना? दिवाळीपर्यंत दहा परत आण, मग बघू. तोवर कुकटपल्ली कोणालाच देत नाही. ओमकारचं हसू बुटात गेलं.

३ ऑक्टोबर, दसरा

डिश काकांच्या गच्चीवर. म्हणजे जिना चढणं आलंच.

३०४ च्या दारापाशी थांबलो. मनात होतं, सरळ वर जावं. पण डिश फिरवताना खाली टीव्हीसमोर कोणीतरी बसून ओरडावं लागतं, आलं का, गेलं का. एकट्यानं होत नाही. बेल दाबली. काकांनी दार उघडलं, हातात जम्मीची, म्हणजे शमीची पानं, इथे आपट्याऐवजी तीच वाटतात, बहुतेक शेजाऱ्यांनी दिलेली. त्यांनी मला दोन दिली. सोनं घे म्हणाले. मी पाया पडलो. त्या दिवसाचं काही बोललो नाही, त्यांनीही काढलं नाही. मी फक्त म्हटलं, काका, मला टीव्हीसमोर माणूस पाहिजे.

त्यांनी कापड काढून घडी करून कपाटात ठेवलं.

मी वर नट सैल केले. डिशला बोटभर सरकवलं की आभाळात हजारो मैलांचा फरक पडतो, हे मला अजूनही खरं वाटत नाही. खालून खिडकीतून काकांचा आवाज, बँकेत टोकन नंबर पुकारावा तसा: काही नाही. काही नाही. मुंग्या. जरा सावली. थांब. गेलं. मागे ये. थांब, थांब.

मग बराच वेळ काही नाही. मी विचारलं, काका? तर म्हणाले, "बाई स्वयंपाक सांगतेय. तेलुगूत. फार स्पष्ट दिसतेय."

खाली आलो तर ते पाटावर बसल्यासारखे टीव्हीसमोर. एक अक्षर कळत नव्हतं त्यांना, पण डोळे हलत नव्हते. म्हणाले, काहीतरी चिंचेचं करतेय.

२१ ऑक्टोबर

अकरा घरं परत आली. लक्ष्मम्मानं स्वतः जाऊन चार आणली. शिवाय नवीन नऊ. आता प्रत्येक गल्लीत मी आठवड्याला एकदा चालत जातो, दार वाजवतो, विचारतो, काय दिसत नाही? कंट्रोल रूमच्या भिंतीवर तेलुगूत मोठा कागद लावलाय, चॅनेलांचे नंबर. अक्षर काकांनी इस्त्रीवाल्याकडून काढून घेतलं.

मालकांनी कुकटपल्ली दिली. अर्धी नाही, चार आणे. पैसे घातले असते तर आठ आणे झाले असते. पावतीपुस्तकावर नाव मालकांचंच, खाली बारीक अक्षरात माझं. मी म्हटलं, चालेल. ते म्हणाले, "चालेल काय, पळेल. पोट्टे, वायर उचल."

शेअरचे कागद आले. जाड, छान कागद, कडेला वेलबुट्टी. काकांनी दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या, एकीत त्यांचे पाचशे, एकीत माझे दोन हजार. जपून ठेव म्हणाले. मी विचारलं, वर येईल का भाव? ते म्हणाले, नाही. मग कशाला ठेवायचे? म्हणाले, पुढचा फॉर्म भरताना समोर ठेवायला. म्हणजे पुढचा फॉर्म आहे.

५ नोव्हेंबर, वार रविवार (छापलेला शनिवार)

हे बसमध्ये लिहितोय, अक्षर उड्या मारतंय.

कुकटपल्लीत बेचाळीस घरं जोडली. मी खांबावर होतो, खाली फोनबूथवाला हाक मारत आला, बरकतपुऱ्याहून फोन आहे. मालक होते. म्हणाले, तुझ्या त्या ३०४ ची तक्रार आलीय, तेलुगू चॅनेल गेलंय म्हणतो. आजूबाजूला सगळीकडे चालू आहे. इथला कोणी पाठवतो म्हटलं तर म्हातारा नको म्हणतो, दिलीपला माहीत आहे म्हणतो. काय करायचं? रजिस्टरात चढवू का?

मी म्हटलं, चढवू नका. मी जातो.

तिथून बरकतपुरा एक तास. उतरून आधी बेकरीत जाईन, काकांची बिस्किटं संपली असतील. हत्यारांची पिशवी आणलेली नाही. डिश जागेवरच असणार.